सतरा नंबरची माती

पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीत बसून मी जन्मभर लोकांची गाठोडी तोलली. लोणच्याच्या बरण्या फुटून माझे कागद तेलकट झाले, गोड कुंद्याच्या डब्यांना लागलेल्या मुंग्या माझ्या बाहीत शिरल्या, आणि प्रत्येक वेळी मी पलीकडच्या माणसाला झाडलं. माझा स्वभावच तसा, लपवत नाही. पण टेबलावर माती सांडून वर "सांडली होय? असू द्या की, चांगली आहे," असं मलाच सांगणारा माणूस एकच भेटला. वामनअण्णा बिजगर्णीकर.

अण्णा शेतकी खात्यात ओव्हरसिअर होते. राहायला शहापुरात. अंगात बंद गळ्याचा खाकी कोट आणि त्याचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. उजव्या खिशात निपाणीकडची काळी माती, डाव्यात खानापूरकडची तांबडी. परटानं एकदा कोट तसाच परत आणून दिला. "अण्णा, आधी नांगरून द्या, मग धुतो," म्हणाला. अण्णांनी ही गोष्ट स्वतःच मला सांगितली आणि स्वतःच खदखदून हसले.

ते पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मांजरपाटाच्या पाच पिशव्या टेबलावर ठेवल्या. पत्ता हॉलंडचा. परदेशी पार्सल म्हणजे फॉर्म भरणं आलं.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"माती."

मला वाटलं, हा गृहस्थ थट्टा करायलाय. "अहो, सरळ सांगा. आत काय आहे?"

"सरळच सांगतो आहे की. माती आहे. हवी तर चाखून बघा."

मी फॉर्मवर 'माती' लिहिलं. पुढं किमतीचा रकाना होता. तिथं मी 'काही नाही' असं लिहायला टाक उचलला, तर अण्णांनी माझं मनगटच धरलं. "काही नाही? एक बोट माती व्हायला किती पिढ्या जातात, ठाऊक आहे काय तुम्हाला?"

"मग काय लिहू? लाख रुपये?"

"ते तुमच्या खात्याला झेपायचं नाही," अण्णा म्हणाले. शेवटी मी त्या रकान्यात 'नमुना' असं लिहिलं आणि आमची तडजोड झाली. ती पुढं जवळजवळ वीस वर्षं टिकली.

मातीची ही भानगड काय होती, ते मला हळूहळू समजलं. हॉलंडात एक प्रोफेसर होते. अण्णा त्यांना 'वानसाहेब' म्हणायचे. जगात जिथं जिथं जमिनीला मीठ फुटतं, तिथली माती ते मागवायचे. मिसर, हंगेरी, अमेरिका, आपल्याकडचा सिंध. प्रत्येक मातीचे चार वाटे व्हायचे, चार देशांतल्या प्रयोगशाळांत जायचे, आणि चौघांचे आकडे जुळले तरच ते खरे मानायचे. मग कुठल्या जमिनीला कुठलं औषध, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आपल्या निपाणीकडं ओढ्याकाठच्या काळ्या रानात असंच मीठ वर येतं. जमीन पांढरी पडते, वाळली की दगड होते, पाणी मुरत नाही. तिला चोपण म्हणतात. अण्णांनी खात्यात आलेलं कुठलंसं विलायती चोपडं वाचलं आणि सरळ वानसाहेबांना पत्र घातलं की, तुम्ही लिहिलंय ते आमच्या चोपणाला लागू पडत नाही. मॅट्रिक झालेला ओव्हरसिअर, आणि प्रोफेसराची चूक काढतो! दुसरा असता तर पत्र टोपलीत टाकलं असतं. वानसाहेबांनी उलट टपाली लिहिलं, माती पाठवा. आमच्या पट्ट्याला नंबर मिळाला सतरा.

अण्णांची इंग्रजी पत्रं म्हणजे मजाच. टपालात टाकण्याआधी ते मला खिडकीवर वाचून दाखवायचे. आधी पीकपाण्याची खुशाली, मग घरच्यांची, मग आकडे. "अण्णा, शास्त्रज्ञाला असं लिहितात होय?" मी एकदा म्हटलं. "का? तो माणूस नाही होय?" पुढं पुढं वानसाहेबही तसंच लिहू लागले. यंदा आमच्याकडं बटाटा बरा आहे, धाकटीला गोवर आला होता, आणि सोबत कोष्टक जोडले आहे.

अण्णांची दुसरी खोड चाखण्याची. कुठंही गेले की चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, मग थुंकून निकाल द्यायचा. "खारट आहे." "तुरट आहे." "ही उपाशी आहे, हिला शेण घाला." प्रयोगशाळेचा निकाल नंतर यायचा आणि बहुतेक अण्णांच्या जिभेला दुजोरा द्यायचा. त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "ह्यांना आमटीतलं मीठ कळत नाही भावजी, मातीतलं कळतं!" अण्णा तसेच ओरपत होते. आमटीत मीठ नव्हतंच.

मलाही ते दर वेळी आग्रह करायचे. "गणपतराव, चाखा की जरा." मी म्हणायचो, "अण्णा, माझ्या टेबलावरची घाण मी झाडतो, खात नाही."

आता ताराक्काचं सांगतो, कारण तिच्याशिवाय अण्णांचं काहीच सांगता येणार नाही.

ताराक्का बोरगावची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बापानं मरताना ओढ्याकाठचं चार एकर रान तिला चोळीबांगडीचं म्हणून दिलं होतं. त्या रानावर तिची स्वतःची चूल होती. पण रानाला चोपण लागलं आणि निम्म्याहून जास्त पांढरं झालं. भाऊ म्हणायचे, "सोड आता. गुरं चारू तिथं. तू आमच्यात ये, घास दोन घास खा." ताराक्काला ते दोन घास नको होते. भावजयीच्या हातचं ताट आणि त्याबरोबरचं बोलणं काय असतं, ते तिनं शेजारी बघितलं होतं. रान मेलं तर आपली चूल मेली, एवढा साधा हिशेब होता तिचा. आणि त्या पट्ट्यात अण्णा सतरा नंबरची माती खणत ते हेच रान.

त्या वर्षी अण्णा कणकुंबीच्या जंगलात माती गोळा करायला गेले आणि हिवताप घेऊन परतले. इकडं चार देशांत वाटायचा मोठा नमुना जहाजाच्या डाकेनं जायचा होता. अण्णांचा नियम असा की, माती स्वतःच्या हातानं खणायची, दुसऱ्याच्या हातची पाठवायची नाही. पण माणूस अंथरुणातून उठेना. शेवटी त्यांनी निपाणीच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडं निरोप दिला, ताराक्काला म्हणावं माती धाड, विलायतेला जायची आहे.

तिसऱ्या दिवशी पिशवी आली. गाठीवर हळदकुंकू लावलेलं. अण्णा घोंगडी पांघरून टांग्यातून माझ्या खिडकीवर आले. दात वाजत होते. तशातही त्यांनी गाठ सोडून चिमूट जिभेवर ठेवली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"कडू," अण्णा म्हणाले. "क्विनाईन हो. चार दिवस झाले, आमटीही कडू, पाणीही कडू."

आम्ही दोघंही हसलो. मी वजन केलं, 'नमुना' असं लिहिलं, शिक्का मारला. ते हसणं आठवलं की आजही मला माझा राग येतो.

सात-आठ महिन्यांनी छापील कोष्टक आलं. एक प्रत अण्णांना, एक त्यांच्या वरच्या साहेबांना. सतरा नंबरच्या ओळीत चारही देशांचं एकमत होतं. मीठ नाही, जमीन उत्तम, उपायाची गरज नाही. साहेबांनी प्रत वाचली आणि लगेच कलम चालवली. चिकोडी रोड स्टेशनावर मालगाडीनं जिप्समची वाघीण यायची होती, चोपणावर घालायला. तिच्या यादीतून ताराक्काचं नाव गेलं. गावात बातमी पोचायला कितीसा वेळ? भावांनी चावडीत सांगितलं, "विलायतेनं लिवून दिलंया, मातीत खोट न्हाय. खोट हिच्या हातात हाय." त्या हंगामातली तिची ज्वारी आधीच गुडघ्याएवढी होऊन करपली होती. भाऊ गाडी घेऊन दारात आले, "चल, भांडी भर." तिनं अण्णा येईपर्यंत थांबा म्हणून कशीबशी मुदत मागून घेतली.

अण्णा कोष्टक बघून चक्रावलेच होते. तिचा निरोप आला त्याच दिवशी मोटार पकडून बोरगावला गेले. तिथं काय झालं, ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी खिडकीवर उभं राहून सांगितलं.

रानात शिरताच त्यांनी चिमूट तोंडात टाकली. खारट! इतकी की जीभ चरचरली. "ताराक्का," त्यांनी विचारलं, "तू माती कुठली दिलीस?"

ती पदराला हात पुसत म्हणाली, "वरच्या बांधाची. मारुतीच्या देवळामागं ज्वारी उभी ऱ्हातीया बगा, तितली. चाळून दिली, खडा ठेवला न्हाय एक."

"अगं, पण का?"

"का म्हंजे? साहेबाच्या देशात जाणार म्हनलासा न्हवं? अण्णा, लेक सासरला धाडताना फाटक्या लुगड्यात धाडतंय व्हय कोन?"

हे सांगताना अण्णा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "काय बोलणार गणपतराव? तिच्या जागी माझी आई असती तरी तिनं हेच केलं असतं. चूक माझी. मी खणायला हवी होती. जीभ मेलेली होती, तर पाठवायलाच नको होती."

मग त्यांनी खिशातून पत्र काढलं. वाचलं तेव्हा त्यात पहिल्यांदाच खुशाली नव्हती. सतरा नंबरची ओळ खोटी आहे. माती दुसऱ्या जागेची आहे. बाईची लबाडी नाही, चूक सर्वस्वी माझी, मी स्वतः खणली नाही. ओळ खोडावी. सोबत खरी माती पाठवतो आहे.

साहेबांनी त्यांना सकाळीच बजावलं होतं की, खात्याची अब्रू चव्हाट्यावर मांडाल तर बढती विसरा. अण्णांची बढती तोंडावर आली होती. मला ते कळलं आणि मी आपलं शहाणपण पाजळलं. "अण्णा, पत्र कशाला? गुपचूप दुसरा नमुना पाठवा, वेगळी जागा म्हणून सांगा. समुद्रापलीकडं कुणाला काय कळतंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "गणपतराव," ते म्हणाले, "हंगेरीतला कुणी शेतकरी आमची ओळ बघून आपल्या रानात काय घालायचं ते ठरवणार. त्याला काय सांगू? आमच्या साहेबाची अब्रू राखायची होती, म्हणून तुझं रान घालवलं?"

मी मान खाली घालून तिकिटं लावली. मला माझीच लाज वाटली, हे मी आज उघड सांगतो.

बढती गेली. अण्णांची बदली खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला झाली. "बरं झालं, तांबड्या मातीचा खिसा भरत नव्हता," म्हणून ते गेले. पण एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी पदरच्या भाड्यानं बोरगाव गाठायचेच. ताराक्काच्या भावांना त्यांनी चावडीत, सगळ्यांदेखत सांगितलं, "खोट हिच्या हातात नाही, माझ्या कामात होती. मला तीन वर्षं द्या. तोवर हिची भांडी हलवायची नाहीत." सरकारी माणूस चारचौघांत चूक कबूल करतो, हे त्या गावानं कधी बघितलं नव्हतं. भाऊ गाडी घेऊन परत गेले.

वानसाहेबांचं उत्तर यायला पावसाळा उलटला. अण्णांनी नंदगडहून येऊन ते मला खिडकीवर वाचून दाखवलं. ओळ खोडली, दुरुस्ती छापली, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि पुढं असं की, तुमचं पत्र आल्यावर मी प्रत्येक देशाला विचारलं, तुमची माती कुणी खणली आणि कुठून. मिसरमधून कबुली आली आहे. तिथल्या एका शेतकऱ्यानं विहिरीजवळच्या चांगल्या मळ्यातली माती दिली होती, परक्यांच्या दारी वाईट कशी पाठवायची म्हणून.

अण्णांनी टेबलावर थाप मारली. "ताराक्काचा भाऊ निघाला की हो मिसरात! आणि सख्खा!" पोस्टातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

औषधाचा आकडा आला. जिप्सम किती, शेणखत किती, आणि ताग पेरून फुलाआधी गाडायचा. यादीत नाव पुन्हा घालून जिप्सम मिळवायलाच अण्णांना वर्ष लागलं. पण ते रानात टाकायच्या दिवशी ताराक्का आडवी उभी राहिली. "अण्णा, हे औषध मीठ सोडवंल म्हंता. पर सुटल्यालं मीठ जाईल कुठं? त्येला वाट नको व्हय? आदी वाट करा, मग औषध द्या." अण्णांनी जिप्समची पोती तशीच बांधावर ठेवायला लावली. मग दोघांनी गडी लावून ओढ्यापर्यंत कंबरभर खोल चर खणला. चर खणल्यावरच जिप्सम पडलं. ताराक्काचं ते बोलणं अण्णांनी जसंच्या तसं हॉलंडला कळवलं. उत्तर आलं की, आमचे आजोबाही हेच म्हणत, आम्ही विसरलो होतो. पुढच्या कोष्टकात सतरा नंबरच्या ओळीखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: चराची सूचना, बोरगावच्या ताराक्का यांची. अण्णांनी ते पान घडी करून डाव्या खिशात, मातीतच ठेवलं.

तिसऱ्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत माझ्या खिडकीवर एक उंच, काळीसावळी बाई उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. "पार्सलवालं अण्णा तुमीच व्हय? पैला हुरडा बिजगर्णीकर अण्णास्नी दिला. ह्यो दुसरा, ज्यानं माती पोचिवली त्येला." मी एरवी सरकारी वेळेत टेबलावर काही खाऊ देत नाही. त्या दिवशी सगळं पोस्ट हुरडा खात होतं. भावांचं काय झालं, ते मी विचारलं. "चराची खोली इचारून गेल्यात," ताराक्का म्हणाली. त्यांच्या रानालाही पांढरं फुटू लागलं होतं.

मग लढाई लागली आणि हॉलंडची डाक बंद झाली. अण्णा रिटायर होऊन शहापुरात परतले होते. दर सोमवारी यायचे. "काही आलं?" मी मान हलवायचो. "वानसाहेबांची धाकटी आता लग्नाची झाली असेल," असं काहीतरी पुटपुटत ते निघून जायचे. पुढं पुढं ते विचारायचेही नाहीत, नुसते खिडकीसमोर येऊन उभे राहायचे. त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

लढाई संपल्यावर कितीतरी महिन्यांनी एक पातळ कागदाचं पाकीट आलं. मी स्वतः सायकल मारत शहापूरला नेऊन दिलं. वानसाहेब जिवंत होते. पण लढाईत त्यांच्याकडचे समुद्राचे बांध फुटले होते, आणि मैलोगणती जमीन खाऱ्या पाण्याखाली जाऊन आता मिठानं मेली होती. त्यांचे कागद, कोष्टकं, मातीच्या बाटल्या, सगळं गेलं होतं. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडं सतरा नंबरची नोंद शिल्लक आहे का? बोरगावच्या बाईंना विचारा, चर नेमका किती खोल होता? जमलं तर त्या रानातली माती पाठवा, बरी झालेली आणि न झालेली, दोन्ही. आता शिकायची पाळी आमची आहे.

अण्णांनी पत्र वाचलं आणि कोटाच्या डाव्या खिशात हात घालून ते जुनं पान बाहेर काढलं.

मला ते शेवटचे दिसले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. पुढच्या मिरगाआधीच ते गेले. त्या दिवशी ते ताराक्काला घेऊन खिडकीवर आले. बरेच वाळले होते, कोट अंगावर लोंबत होता. ताराक्काच्या हातात दोन पिशव्या होत्या, आणि दोन्हींच्या गाठींवर हळदकुंकू.

मी मुद्दामच विचारलं, "आक्का, कुठली माती ही? मारुतीच्या देवळामागची?"

ती लाजली, पण डगमगली नाही. "न्हाय बाबा. ही मधल्या रानाची, बरी झाल्याली. आन ही ओढ्याच्या कोपऱ्याची, अजून पांढरी हाय ती. म्या स्वता खणली, अण्णा बांधावर हुबं ऱ्हाऊन बगत हुतं. त्या साहेबाच्या मुलखावर येळ आलीया, मग आपलं वाईट झाकून कसं चालंल?"

मी फॉर्म भरला. किमतीच्या रकान्यापाशी थांबलो, अण्णांकडं बघितलं आणि 'नमुना' लिहिलं. पिशवी तागडीत ठेवताना मधल्या रानाची गाठ जराशी सुटली आणि टेबलावर काळी माती सांडली. सवयीनं मी फडकं उचललं.

"थांबा की," अण्णा म्हणाले. त्यांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग दुसरी चिमूट घेऊन माझ्यासमोर धरली. वीस वर्षं मी नाही म्हणत आलो होतो. फडकं खाली ठेवलं आणि ती चिमूट तोंडात टाकली.

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"अळणी आहे," मी म्हणालो.